पितृपक्षात हात लावायचा नाही

—नाही नाही, चपला बाहेर नका ठेवू, तिथे गाय येते नि ती काहीही खाते. खुर्ची घ्या. तर तुमची कंपनी पल्लवीला नोकरीवर घेणार, नि ती इथे कशी वागली हे विचारायला तुम्ही पुण्याहून थेट पंचवटीत आलात! हो, यज्ञेश्वरगुरुजी मीच, पुरोहित मंडळाचा अध्यक्ष. दोन वर्षं मंडळाचा सर्व्हर पल्लवीच्या ताब्यात होता – कुठलं घराणं, कोणती तिथी, कोण गुरुजी, किती वाजता, सगळी नोंदणी त्यावर. आता तुमच्या फॉर्ममधला तो रकाना – 'कामावरून का काढलं' – लिहा, हलगर्जीपणा. बिनधास्त लिहा मॅडम. ऐन सर्वपित्री अमावास्येला सर्व्हर आडवा झाला! म्हणजे चालू होता, दिवे लुकलुकत होते, पण कोणाला ओ देईना. रामकुंडावर चारशे यजमान, आणि कोणाचे गुरुजी कोण, कोणालाच पत्ता नाही. मनमाडच्या कुसाबाई म्हणून एक आजी, नवऱ्याच्या श्राद्धाला मुलाला घेऊन आलेल्या, तीन तास उन्हात बसून राहिल्या. आणि आमचे दोन गुरुजी एका सुरतेच्या यजमानावरून धोतर सुटेस्तोवर भांडले – त्याचा व्हिडिओ अजून फिरतोय, तुम्ही पाहिला असेल. पाहिलाय ना? हसू नका. त्यातला डावीकडचा माझा मेव्हणा आहे.

काय बिघडलं होतं म्हणता? तुम्ही माणसं निवडणाऱ्या, तुम्हाला मशीनमधलं माझ्याइतकंच कळत असणार – म्हणजे शून्य – पण मला पल्लवीनं समजावलंय. असं बघा, श्राद्धाला यजमानानं तीन पिढ्यांची नावं सांगायची, बाप, आजा, पणजा. त्यानं बाप सांगितला, पणजा सांगितला, आणि आजा सांगायच्या आधीच गप्प! मी हातात दर्भ-पाणी घेऊन ताटकळत. तेवढ्यात दुसरा येतो, तो नुसताच पणजा सांगतो. तिसरा नुसताच बाप. असे हजार आले, एकाचीही यादी पुरी नाही, आणि नवं नाव आलं की मी आपला सगळ्या अर्धवट याद्या पहिल्यापासून चाळतोय, हे कोणाच्या घरातलं म्हणून. मग खरा यजमान समोर उभा राहिला तरी मी ओ देईन का? मशीनचंही तेच. नेटवरून माहिती तुकड्या-तुकड्यांनी येते, मशीन ते तुकडे जुळवतं. कोणीतरी टवाळानं मुद्दाम अपुरे तुकडे सोडले, आणि हे येडं बसलं जुळवत. मशीनच्या मूळ प्रणालीतच ती खोट होती, आमची काही चूक नाही – बनवणाऱ्यांनी दुरुस्तीसुद्धा पाठवली होती, हे सगळं पल्लवीनं मला आधीच सांगितलं होतं. – आधी म्हणजे? आधी म्हणजे आधी. अमावास्येच्या दहा-बारा दिवस आधी. चहा घ्या, गार होतोय.

मग दुरुस्ती का नाही टाकली? अहो, पितृपक्ष! पंधरा दिवस नवीन काही करायचं नाही, नवीन वस्तू घरात आणायची नाही, हे तुम्हाला मी सांगू? ती म्हणे, गुरुजी, हे नवीन नाही, डागडुजी आहे, छप्पर गळलं तर पितृपक्षात शाकारत नाही का? तेही चारचौघांत, मंडळाच्या बैठकीत! सव्वीस वर्षांची पोर नि मला शास्त्र शिकवते. सगळे माझ्याकडे बघायला लागले. त्याच आठवड्यात मी स्कूटरला नवा टायर घातला होता, हे त्या मेव्हण्याला ठाऊक, तो मिशीत हसतोय. तुम्हीच सांगा, अशा वेळी अध्यक्षानं काय म्हणायचं? शास्त्राचं म्हणाल तर – आता तुमच्यापासून काय लपवायचं – मशीनबद्दल शास्त्रात काही नाही. पण एकदा नाही म्हटलं की नाही. आणि ती गेल्यावर नव्या माणसानं तीच दुरुस्ती टाकली, दहा मिनिटं लागली, दहा! माझी सुपारी कातरून झाली नव्हती.

नाही, पण उद्धट होतीच ती. थांबा, मेसेजच दाखवतो, पुरावा नको का – हे बघा, 'गुरुजी, कृपया आज दुपारी दहा मिनिटं द्या, नाहीतर कोणीही आपलं काम बंद पाडेल.' ही काय भाषा झाली? कृपया आहे, ते दिसलं मला. – खाली? खाली माझं उत्तर आहे, त्याचा इथे काय संबंध – अहो मॅडम, फोन द्या इकडे – बरं वाचा. वाचाच. 'अमावास्या होईपर्यंत मशीनला हात लावलास तर घरी बसवीन.'

मोठ्यानं कशाला वाचता? मीच लिहिलंय ते. आणि तिनं नाही लावला हो हात. हात लावला नाही म्हणून घरी बसवली. मंडळ माझ्या अंगावर आलं, कुसाबाईंचा मुलगा दारात येऊन नाही नाही ते बोलला, कोणाचं तरी नाव घ्यायला हवं होतं – घेतलं. ती समोर उभी होती. हाच मेसेज तिच्याही फोनमध्ये होता की, दाखवला असता तर माझी खुर्ची तिथेच गेली असती. नाही दाखवला. येते गुरुजी, म्हणाली, आणि वाकून नमस्कार केला मला. त्या नमस्काराची लाज वाटते मला, अजून वाटते. झालं समाधान?

तो हलगर्जीपणा खोडा. खोडा म्हणतो ना, नीट खोडा, खालचं अक्षर दिसतंय. आणि लिहा, काम चोख, दोष एकच – वडीलधाऱ्याचं ऐकते. आणा, सही करतो. उठा आता, बाहेर यजमान आलेत.