बॅग भरा, पण घराला कळू देऊ नका

नाही, पण मला एक सांगा, बॅग भरायची तर ती कुणाला चोरून भरायची? शेजाऱ्याला? सासूला? इन्कमटॅक्सवाल्याला? आमच्या पोत्सुओलीत ती घराला चोरून भरतात. घराला! तुम्हाला सांगतो, चाळीस वर्षं मी या गावात नळजोडणी केली, एक भिंत अशी नाही जिच्या पोटात या प्रोकोलोचा हात गेलेला नाही, आणि आत काय असतं? पाइप असतात, ओल असते, फार तर एखादी पाल असते. तरी माझी बायको अस्सुंता मला बाहीला धरून जिन्यात नेते आणि कानात म्हणते, "प्रोको, बॅग भर, पण घराला कळू देऊ नकोस."

आता आमची जमीन कशी, ते काय सांगायचं. खाली कुणी कूस बदलावी तशी वर येते. बंदरात होड्या चिखलात बसल्यात, पाणी ओसरलं म्हणून नव्हे, तळच वर आला म्हणून. भूकंपाचा धक्का येतो, कपबशा वाजतात, आपण कॉफीचा कप हाताने धरून ठेवतो आणि पुढे बोलत राहतो. तर काम सोडल्यावर मी म्हटलं, बसून काय करायचं, नारिंगी जाकीट घातलं, भूकंपात मदत करणारा स्वयंसेवक झालो आणि मला दिला चौथीचा वर्ग. पोरांना शिकवायचं काय, तर धक्का आला की उचलून पळायची बॅग. पाणी, टॉर्च, सेल, शिट्टी, औषधं, कागदपत्रांच्या नकला, बिस्किटं. दाराजवळ ठेवा. विषय संपला. बावीस पोरं, पहिल्या बाकावर माझीच नात नोएमी, नऊ वर्षांची, आमच्याकडेच राहते, कारण तिची आई मिलानमध्ये नोकरीला.

पुढच्या सोमवारी विचारलं, "कुणाकुणाची बॅग भरून झाली?" बावीस हात वर. छाती अशी फुगली माझी! तेवढ्यात नोएमी म्हणते, "आजोबा, अजून भरलेली आहे कुणाची, ते विचारा." विचारलं. चार हात.

"बाकीच्यांचं सामान कुठे गेलं?"

"काका, जागच्या जागी."

"म्हणजे? आईने काढलं?"

पोरं एकमेकांकडे बघतायत. मग मागून कुणीतरी अगदी हळू म्हणालं, "घरधनिणीने."

घरधनीण म्हणजे बायको नव्हे हो. आमच्याकडे म्हणतात, प्रत्येक घराला एक असते. दिसत नाही, भाडं देत नाही, पण घर तिचं. आत येताना तिला नमस्कार करायचा आणि घर सोडायची गोष्ट तिच्यासमोर काढायची नाही. बिऱ्हाड हलवायचं असलं तरी नवराबायको रस्त्यावर जाऊन कुजबुजतात. नाहीतर ती रुसते. आणि रुसली की काय करते? ते मात्र कुणी सांगत नाही, सगळे एकदम हवापाण्यावर जातात.

मी म्हटलं, थोतांड! घरी आलो. आमच्या बॅगेची चेन उघडली, आत काही नाही. पाणी स्वयंपाकघरात, टॉर्च खणात, बिस्किटं डब्यात, तीसुद्धा मोजून पहिल्यासारखी रचलेली. मला वाटलं अस्सुंता, अस्सुंताला वाटलं मी, दोघांचं जुंपलं. पुन्हा भरली, वर माझी छोटी पहारही घातली. सकाळी रिकामी. मग मी काय केलं, बॅगेला दोरीचे सात वेढे दिले आणि वर नळजोडणीवाल्याची गाठ मारली. ही गाठ माझ्या उस्तादाने मला शिकवली, उस्ताद वारला, आता ती मला एकट्यालाच येते. सकाळी बघतो तर गाठ तशीच. वेढे सात. बॅग उचलली... आणि हलकी लागली हो. पिसासारखी. टॉर्च खणात. मी तिथेच जमिनीवर बसलो. नोएमी शेजारी येऊन म्हणाली, "आजोबा, तुम्ही फार मोठ्याने भरता."

फार मोठ्याने भरतो! म्हणजे चूक कुणाची, तर माझी!

पण पुरुषाची जात, त्यात अंगात जाकीट. रविवार, दुपारचा एक वाजलेला, अस्सुंता खाली पाव आणायला गेलेली, चुलीवर टोमॅटोचा रस्सा रटरटतोय. माझं डोकं फिरलं. स्वयंपाकघराच्या मधोमध उभा राहिलो आणि वर्गात बोलतो तसा खणखणीत बोललो, "नोएमी, नीट ऐक. मोठा धक्का आला की हे घर सोडायचं. मागे वळून बघायचं नाही. घर काय, दगडमाती!" पोरीने धावत येऊन माझ्या तोंडावर हात ठेवला. "आजोबा, तिला कळलं ना!"

आणि मग आवाज आला. खालून. ट्रक येतो तसा, पण रस्त्यावरून नाही, जमिनीच्या आतून. कपाट चालत पुढे आलं. छताचा गिलावा रश्शात. मी पोरीला काखोटीला मारलं, दाराशी गेलो, कडी ओढली. दार उघडेना. खांदा लावला. लाथ मारली. पहार हवी होती, ती मीच बॅगेत घातली होती... बॅग रिकामी! नोएमी शिट्टी फुंकतेय, खालून अस्सुंता ओरडतेय, पुन्हा हादरा, दाराच्या वरची भिंत फाटत चाललेली मला दिसतेय. तुम्हाला खरं सांगतो, मी घाबरलो. स्वतःसाठी नाही. काखेत नऊ वर्षांचं पोर होतं, आणि मला दार उघडता येत नव्हतं.

नोएमीने तोंडातली शिट्टी काढली. म्हणाली, "आजोबा, तिची माफी मागा. सांगा, आपण परत येतोय."

मी? मी भिंतीची माफी मागू? मागितली हो! टोपी काढली. दाराच्या कडीला, वाकून, म्हटलं, "बाई, चुकलं माझं. उगाच बोललो. आम्ही कुठे जातोय? दोन बाटल्या पाणी आणतो कोपऱ्यावरून आणि आलोच."

शांत झालं. जमीन हलत होती, पण घर शांत. आणि कडी वर उचलली गेली. माझे दोन्ही हात पोरीभोवती होते, हे लक्षात घ्या. दार अलगद बाजूला झालं, पाहुण्याला निरोप देताना उघडतात तसं.

वाचलो. ओरखडा नाही. संध्याकाळी अग्निशमनवाल्यांनी दारावर लाल कागद चिकटवला, राहण्यास अयोग्य, आत पाऊल टाकायचं नाही. आम्हाला किनाऱ्यावरच्या एका हॉटेलात टाकलंय. नोएमी खाते, झोपते, हसते, माझं सगळं तिथे भरून पावलं. अस्सुंता मात्र पहिल्या दिवसापासून एकच लावून बसलीय, "काय सांगून निघालास तू तिला? पाणी आणतो म्हणून? मग वाट बघत असेल ना ती!"

मी म्हटलं, बघू दे. पण परवा आमच्या इमारतीच्या पहाऱ्यावरच्या पोराने मला हटकलं, "आजोबा, तिसऱ्या मजल्यावर तुमच्याकडे कुणी राहिलंय का? वीज तोडलीय, गॅस बंद केलाय, आणि रोज एकच्या सुमाराला वरून टोमॅटोच्या रश्शाचा वास येतो. बशा मांडल्याचा आवाज येतो. तीन."

मी म्हटलं, "शेजारचा असेल." शेजारी कुणी उरलेलं नाही.

वर्ग अजून घेतो मी. बॅग भरा, पण घराला कळू देऊ नका, असं फळ्यावर लिहितो, आणि शाळेच्या बाईंनी पुसलं की परत लिहितो. आणि रोज पाऊण वाजता हे जाकीट घालून, सील केलेल्या इमारतीजवळ फिरकू नका असं पोरांना शिकवणारा मी, त्याच खिडकीखाली जाऊन उभा राहतो, तोंडाशी हात धरतो आणि वर बघून ओरडतो, "बाई, जेवून घ्या! दुकानात फार रांग आहे, माझा नंबर काही अजून लागलेला नाही!"