ओसरीवरची सही

सन्माननीय अध्यक्ष कडूबा पाटील, मुख्याध्यापिका प्रियदर्शनी मॅडम, आज ज्यांना आपण निरोप देतो आहोत ते इंग्रजीचे संघपाल हिवाळे सर, केदारखेड्याहून आणि आजूबाजूच्या वस्त्यांवरून आलेले पालक, आणि भर एप्रिलच्या दुपारी पत्र्याखाली शांत बसलेल्या विद्यार्थ्यांनो,

मी भागवत, या शाळेचा लिपिक. सव्वीस वर्षांत या माईकवर मी फक्त 'हॅलो, हॅलो' एवढंच बोललो आहे, तेही आवाज तपासायला. आजही बोललो नसतो. पण सरांची एक गोष्ट माझ्या घराबाहेर कुणाला माहीत नाही.

सर रोज खिचडीच्या शेडबाहेरच्या फळ्यावर एक इंग्रजी शब्द आणि त्याचा अर्थ लिहीत. शेडमध्ये माझी पत्नी मीना स्वयंपाक करायची. मुलं शब्द वाचून पळून जात. ती मात्र चुलीपुढून त्यावर बोलायची. गेल्या मार्गशीर्षात सरांनी खुणांचे शब्द घेतले होते. पहिला होता सिग्नल, म्हणजे इशारा.

"सर, आपल्या गावात एकच एसटी. तिला कशाचा आलाय सिग्नल?"

"मीनाताई, खिचडी झाली हे पोरांना कसं कळतं?"

"मी पळीनं पातेलं वाजवते न्हाई का!"

"मंग तोच सिग्नल."

दुसऱ्या दिवसापासून पळी वाजली की मुलं 'सिग्नल झाला' म्हणून ताटं घेऊन धावू लागली. अजूनही धावतात. पळी आता दुसऱ्या बाईंच्या हातात आहे, पण आवाज आला की टेबलावरून माझी मान वर होते.

साइन लँग्वेज म्हणजे खुणांची भाषा, हे वाचून ती सगळ्यांसमोर म्हणाली, "आमचे हे घरात तीच बोलून राह्यलेत, लग्नापासून." सर खूप हसले. मीही हसलो असेन.

नुसत्या साइन या शब्दापुढे सरांनी दोन अर्थ लिहिले होते: खूण आणि लक्षण. त्या आठवड्यात मीनाला जिना चढताना धाप लागत होती. फळ्यासमोर मी बराच वेळ उभा होतो. माझ्या काही लक्षात आलं नाही.

शेवटचा शब्द सिग्नेचर. ती म्हणाली, "ही तर मी मस्टरवर रोजच करते. माझी खरी सही आमच्या ओसरीवर हाय. या एकदा बघायला."

"येतो, मीनाताई. नक्की येतो."

पौषात ती गेली.

मीना डावखुरी होती. सारवताना तिच्या बोटांच्या कमानी इतर बायकांपेक्षा उलट्या वळायच्या. दुपारी चारच्या सुमाराला दारातून ऊन आत आलं, की ती ओसरी विहिरीतल्या पाण्यासारखी हलताना दिसायची. ती गेल्यावर सुटीच्या दिवशी मी ते बघत बसायचो. कधीकधी वाटायचं, ती आत्ताच हात धुवायला उठून गेली आहे, सारवण अजून ओलं आहे.

तेराव्याला सगळं घर सारवतात. माझी बहीण नंदाअक्का शेण कालवून उभी होती. मी म्हटलं, बाकीचं सारव, ओसरी राहू दे.

"असं कुठं असतं का, भागवता? सुतक काय घरातच ठेवून घेतो?"

पाडव्याला सारवायच्या वेळीही ती चिडली. मी ऐकलं नाही. पोपडे निघू लागले, माती सुटू लागली, तरी मी आणि माझी मुलगी दीपमाला भिंतीच्या कडेकडेनं ये-जा करत राहिलो. मुलगी काही बोलत नव्हती. तीही माझ्यासारखीच.

मॅडम, घड्याळ बघू नका, आवरतोच.

गेल्या रविवारी सर घरी आले. दारात चपला काढल्या, ओसरीकडे पाहिलं, आणि कुणीही न सांगता भिंतीला धरून, कडेकडेनं आत आले. चार महिन्यांत गावातल्या किती माणसांनी असं केलं असेल? सर एकटेच. बराच वेळ ते त्या कमानी बघत बसले. मग म्हणाले, "भागवतराव, सही झालेल्या कागदाचं तुम्ही काय करता?"

"पुढं पाठवतो, सर."

"बिलकुल काही ठेवत नाही?"

"कार्यालयीन प्रत ठेवतो."

सरांनी चहा संपवला आणि आले तसेच भिंतीकडून गेले.

आज सकाळी मी सांगितलं आणि दीपमालानं ओसरी सारवली. जात्याच्या खोपच्यात वीतभर जागा तिनं तशीच ठेवली. ती माझी प्रत. बाकी ओसरीवर तिच्या बोटांच्या कमानी आहेत, उजव्या हाताच्या. आईसारख्या नाहीत. सारवून झाल्यावर ती मला म्हणाली, "बाबा, वाळू द्या जरा, जल्दी पाय ठेवू नका." कितीतरी दिवसांनी तिनं मला रागावलं.

बोलायला उभं केलंत, याबद्दल मी सर्वांचा आभारी आहे. घरातली गोष्ट सभेत आणली, त्यात काही चुकलं असेल तर पोटात घाला. सर, जालन्याची गाडी साडेपाचला आहे. जाताना घरी चहाला या. ओसरी तोवर वाळलेली असेल. या वेळी मधून या.