उतारावरचं ॲव्हरेज

—न्हाय न्हाय, काच खाली घेऊ नका इवाई, हात जोडतो! ही रामलिंगची वानरं हाईत, येडशीकरांना जुमानत न्हाईत, तुमच्या तामलवाडीच्या टोपीला काय जुमानतील? बसा निवांत. गाडी बंद पडली न्हाय, म्या उभी केलीय. चढावर इंजनाला जरा दम खाऊ द्यावा लागतो. पेट्रोल बी चालतंय, इथेनॉल बी चालतंय, अशी पिकअप आमच्या अख्ख्या ईट गावात माझी एकट्याचीच. दोन घरचा पाव्हणा उपाशी म्हणतेत, पण हिचं तसं न्हाय, ही दोन्हीकडं पोटभर जेवती — म्हंजे कमी जेवती. लई कमी. काटा? काटा अर्ध्यावर हाय की. सोमवारपासून अर्ध्यावरच हाय! ह्यालाच ॲव्हरेज म्हणतेत. लिटरला बावीस किलोमीटर देती, इथेनॉलवर बावीस. मागल्या उन्हाळ्यात खवा घेऊन निघालो, बार्शीत जाऊन टाकीत डोकावतो तर निघताना व्हतं त्याच्यापरीस तांब्याभर जास्त! हसू नका. आन धुराचा वास असा गोड, की भूमच्या नाक्यावर शिपायानं मला सोडून गाडीलाच नळीत फुंकायला सांगितलं.

उकडायलंय, व्हय. मला बी उकडायलंय. पण बोनेटवर बसलाय तो म्होरक्या, त्याच्या डोळ्याला डोळा देऊ नका. मागं काय वाजलं? — गेला. तुमच्या सुनंसाठी, हर्षालीसाठी तिच्या आईनं दिलेला खवा, अडीच किलो, गेला बघा. रात्रभर हलवत बसली व्हती अयोध्या. जाऊ द्या, खवा खाऊ द्या, कॅनला हात न्हाय लावला म्हंजे झालं — कुठला कॅन? असतो एक, पाच लिटरचा. पेट्रोलचा. नेहमीच असतो. न्हाय हो, मला गरज पडत न्हाय, पण दुसऱ्या कुणाची गाडी रस्त्यात अडली तर — माणुसकी हाय का न्हाय? — असं बघू नका. ते वानर बघतंय तेवढं पुरं हाय.

बरं, संपलंय. टाकी कोरडी हाय आन काटा अडकलाय, झालं समाधान? पण मोजलं व्हतं म्या, अगदीच हवेतलं न्हाय. घाटाच्या वर टाकी फुल्ल केली, बार्शीच्या अंगाला खाली उतरून पुन्हा फुल्ल केली. बावीस आलं. येताना? येताना कशाला मोजायचं, येताना चढ असतो! आन तसंच आनंदाच्या भरात हॉटेलात जाऊन सांगितलं, आन त्या दिवसापासून अडकलो बघा. "बब्रुवान, किती देती?" — बावीस. बांधावर बावीस, मयतीला गेलो तरी बावीस, तुमच्या पोराच्या अंगावर अक्षता पडत व्हत्या तवा बी तुम्ही कानाशी येऊन इचारलं आन म्या बावीसच म्हणलो. एकदा चढवलेला आकडा खाली उतरवता येत न्हाय. ही तुम्ही बसलाय ती सीट हाय न्हवं, तिच्यावर दीड वरीस झालं कुणी बसलं न्हाय. कसं बसवू? इथेनॉल स्वस्त खरं, पण ही पिती लई. घडीघडीला पंप गाठावा लागतो. ज्याला शेजारी घ्यावं तो गावात जाऊन बोंब मारणार. अयोध्या म्हणाली, तुळजापूरला न्या देवीला. म्या म्हणलो, खव्याचा वास लागंल लुगड्याला. ती एसटीनं गेली, आन त्याच एसटीच्या मागं म्या रिकामा! माझ्यासारखा बोलका माणूस, सांगा, करणार काय? वायपरला गोष्टी सांगतो. तो निदान मान तर हालवतो.

म्हणून म्हणतो इवाई, इकत न्या ही गाडी. तुमचं दुधाचं काम हाय, रोजची सोलापूरची खेप हाय — काय म्हणलात? अकरा देत आसंल तरी चालंल? अकरा कुठनं काढलं तुम्ही? — कोण, हर्षाली? माझी हर्षाली म्हणली? "आमच्या बापूंचा आकडा आला की निम्मा करायचा" — असं म्हणली? कधी? — पयल्याच आठवड्यात. आन समदं घर तसंच करतंय. बापू दहा म्हणलं, की पाच. व्हय. — हसत म्हणली का? — हसत. मग बरं.

आन तुम्ही हात बी पुढं केला. थांबा, हात घ्या खाली जरा. अकरावर सौदा म्हणता. चांगलाय. देऊन टाकावी आन मोकळं व्हावं... पण ही उभी ऱ्हाणार लेकीच्या दारात, कोंडीरामजी. चार दिवसांनी तुम्ही मोजणार, आन मोजून तिच्या तोंडाकडं बघणार, की बाई, तुझ्या बापाचं निम्मं बी खरं न्हाय. आता ऐका, एकदाच सांगतो. नऊ देती. इथेनॉलवर नऊ, पेट्रोल घातलं तर बारा. झालं. बोललो. छातीवरचं जातं उतरल्यावानी झालं बघा, नऊ—

काय पुटपुटताय? साडेचार? अवं न्हाय! ह्याचं निम्मं न्हाय करायचं! हे खरं नऊ हाय, अयोध्याची शपथ, ह्या रामलिंगाची शपथ — शपथ बी निम्मी धरता व्हय? — इवाई, दार उघडू नका, वानरं हाईत — अवं कुठं निघाला उन्हाचं, येडशी लांब हाय — नऊ हाय हो! हर्षालीला सांगा, बापू नऊ म्हणलं! नऊ!

...वाट दिली की त्यांना वानरांनी. टोपीला हात बी न्हाय लावला.

दार तसंच उघडं टाकून गेला माणूस. — कोण, म्होरक्या? तोंडाला खवा लागलाय तुझ्या. ये, बस. ती सीट रिकामीच असती.