कललेली नळी

लेकीला मांडीवर घेऊन मी रिपोर्टची वाट बघत बसले होते. माझ्या हातून तिच्या खाऊच्या डब्याचं झाकण फरशीवर पडून खणकलं, आणि लॅबमधली शांतता मोडली ती मोडलीच. काउंटरपाशी एक मावशी लॅबमधल्या पोरावर कडाडल्या.

“ही ईएसआरची नळी तिरकी का उभी केलीस रे?”

“स्टँडचा पाय तुटलाय, मावशी. थोडीशी तर कललीय. चलता है.”

“काय चलता है? वीस वर्षं लॅबमध्ये काम केलंय मी! सरळ नळीत रक्ताचे कण त्या चिकट पिवळ्या पाण्यातून सावकाश खाली बसतात. नळी कलली की भराभर घसरतात, आणि ईएसआरचा आकडा फुगतो.”

“मग पुन्हा करतो ना टेस्ट.”

“पुन्हा करतो म्हणे! तुझ्या मागच्या आकड्यावरून किर्तीला, माझ्या सुनेला, टीबीचा संशय धरला. चार महिन्यांचं लेकरू तिच्यापासून तोडलं. आज नऊ दिवस झाले.”

“मी फक्त आकडा लिहिला, मावशी. तोडलं कुणी?”

मावशींनी पदर तोंडाला लावला.

माझ्या मांडीवरच्या उन्नतीनं माझी हनुवटी आपल्याकडे वळवली.

“मम्मी, आई कुठे गेली ते बाळाला कुणी सांगितलं का गं?”