बेलभंडाऱ्याची आण

मी सुग्रीव आबाराव शिंगाडे, वय ४१ वर्षे, धंदा मेंढीपालन, रा. पिंपळखेडा, ता. जाफराबाद, जि. जालना. आज पोलीस ठाण्यात आपल्या मर्जीने येऊन समक्ष सांगतो की,

मी वरील गावी पत्नी दैवशाला हिच्यासह राहतो. दि. १४ जानेवारी रोजी सकाळी नऊच्या सुमारास मेंढ्यांचे औषध आणण्यासाठी मी मोटारसायकलवर जाफराबादकडे निघालो होतो. पुलाजवळ समोरून आलेला टेम्पो इशारा न देता शेताच्या वाटेकडे वळला व माझ्या गाडीस धडकला. माझा उजवा पाय मांडीत मोडला. हेल्मेट होते, पण डोक्यात नव्हते, हँडलला अडकवले होते. तेही लिहून घ्यावे.

टेम्पो शेजारच्या गावचे कडूबा फदाट चालवत होते. ते पळून गेले नाहीत. त्यांनी आपल्या रुमालाने माझा पाय बांधला, टेम्पोतील कापसावर मला निजवले व जालन्याच्या दवाखान्यात नेले. त्या कापसाचे पुढे काय झाले हे मी विचारले नाही, त्यांनीही सांगितले नाही. अकरा दिवस ते माझ्या उशाशी होते. पाठचा भाऊही इतके करत नाही.

दवाखान्यात मी डुक्कर आडवे आल्याने घसरलो, असे खोटे सांगितले. ज्याने उचलून आणले त्याचेच नाव सांगणे मला बेइमानीचे वाटले. घरी आल्यावर बिरोबासमोर बेलभंडारा उचलून त्यांचे नाव कधी घेणार नाही, अशी आणही घेतली. मला तसे कोणी सांगितले नव्हते. फिर्यादीस उशीर होण्याचे कारण हेच आहे.

डॉक्टरांनी दुसरे ऑपरेशन सांगितले आहे. ते न झाल्यास मला मेंढरांमागे चालता येणार नाही. सध्या दैवशाला एकटीच कळप चारते.

परवा आरोपी कडूबा टेम्पोच्या विम्याचे नूतनीकरण करण्यास गेले असता त्यांना समजले की, टेम्पोने दुसरा कोणी जखमी झाला तर त्याची भरपाई विमा कंपनी देते. मात्र पोलिसांत खरी नोंद लागते, त्यावरून जालन्याच्या कोर्टात दावा करता येतो. ते तसेच माझ्या घरी आले. मी आणेचे सांगितले. तुमच्यावर केस होईल, हेही सांगितले. ते म्हणाले, "मंग विम्याचा कागद काय भिंतीला टांगायला घेतला का? केस होऊ दे. तुहा पाय बराबर झाला पाहिजे."

त्यांनी मला पाठीवर घेऊन बिरोबाच्या ठाण्यावर नेले. माझ्या हातून भंडारा आपल्या कपाळी लावून घेतला व देवास म्हणाले, "याची आण म्या उतरवली. आता याला खरं बोलू दे."

अपघाताच्या दिवशी त्यांचा विमा व लायसन्स चालू होते. कागद त्यांनीच दिले, ते सोबत जोडले आहेत. मला पोलीस ठाण्यात त्यांनीच आणले असून ते बाहेर बाकावर बसले आहेत. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

हा जबाब साहेबांनी मला मोठ्याने वाचून दाखविला. त्यात 'आरोपी कडूबा' असे आले, तेथे 'कडूबादादा' लिहावे अशी मी विनंती केली. तसे लिहिता येत नाही, असे साहेब म्हणाले. बाकी सर्व माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.