पाय थांबवायचे नसतात

मॅडम: माझी सायकल वाऱ्यानं पडली म्हणता?

काका: वाऱ्यानंच. दुपारी केवढा सुटला होता!

मॅडम: काका, सकाळपासून झाडाचं पान हललेलं नाही.

काका: तुम्ही दिवसभर त्या एक्स-रेच्या खोलीत. दार बंद, खिडकी नाही. तुम्हाला बाहेरचं काय कळणार?

मॅडम: बरं. वाऱ्यानं पडलेल्या सायकलच्या चाकाचा असा आठ होतो का? हे बघा, फिरवलं की दोन्हीकडे घासतंय. नुसती आडवी झाली असती तर फार तर ओरखडा आला असता.

काका: मग अँब्युलन्सचा धक्का लागला असेल. मागे घेताना बघत नाहीत हो ते लोक. कितीदा सांगितलं, सायकल स्टँडच्या बाजूनं वळवू नका. पण रखवालदाराचं ऐकतो कोण?

मॅडम: आत्ता तर वारा होता.

काका: वारापण होता.

मॅडम: आणि सीट खाली कोणी केली?

काका: सीट?

मॅडम: चांगली चार बोटं खाली आहे. म्हणजे ड्रायव्हरनं धक्का दिला, मग खाली उतरला, पान्यानं नट सैल केला, सीट बसवली, परत आवळली आणि गेला. सभ्य माणूस दिसतोय.

काका: थट्टा करू नका मॅडम.

मॅडम: मी थट्टा करतेय? चार वाजून गेलेत. पाच वाजता पाळणाघर बंद होतं. या महिन्यात दोनदा उशीर झालाय, तिसऱ्यांदा झाला तर पोरीचं नाव काढून टाकीन म्हणाल्यात त्या बाई. बसनं गेले तर सहा वाजतील. आणि तुम्ही मला वाऱ्याच्या गोष्टी सांगताय! किल्ली तुमच्याकडे ठेवते ती गर्दी झाली तर सायकल सरकवायला. बसायला नाही.

काका: मी बसलो असं कुठं म्हटलं?

मॅडम: पँटच्या गुडघ्याला माती आहे तुमच्या. बोला.

काका: बसलो. बसलो होतो! बास? पण चूक माझी नाही, सांगून ठेवतो. तुमची सायकल बिघडलेली आहे.

मॅडम: वा!

काका: वा काय? रक्तपेढीकडच्या उतारावर मी पाय थांबवले. कोणीही थांबवतो. उतारावर पायडल मारत बसतं का कोणी? तर त्या पायडलनी मला खालून असं उचललं, की मी थेट भिंतीवर. जनावरसुद्धा आधी कान पाडतं, मग लाथ मारतं.

मॅडम: ती बिघडलेली नाही. ती अशीच असते.

काका: अशी म्हणजे?

मॅडम: म्हणजे मागच्या चाकाला मोकळं फिरायची सोयच नाही. चाक फिरतंय तोवर पायडल फिरणार. पाय थांबवायचेच नसतात. वेग कमी करायचा तर पायांनीच हळूहळू दाबून धरायचं. अगदीच अडलं तर पुढे एक ब्रेक आहे.

काका: म्हणजे उतारावरही आराम नाही?

मॅडम: नाही.

काका: गिअर?

मॅडम: एकच. चढाला तोच, उताराला तोच.

काका: एवढी पदरमोड करून कमी गोष्टी असलेली सायकल घेतलीत? आणि वर पाटीही नाही लावलीत, की बाबा, हिच्यावर बसू नका म्हणून?

मॅडम: दुसऱ्याच्या सायकलवर बसू नये, याला पाटी लागते?

काका: तुम्ही घेतलीत कशाला पण असली?

मॅडम: आत्ता हे सांगायची वेळ आहे का? पान्याची पिशवी काढा. सीटखाली आहे, तुम्हाला माहीतच आहे. चाकाचे आरे आवळून वाकडेपणा थोडा निघाला तर हळूहळू जाईन.

काका: सांगा तरी.

मॅडम: आठ तास मी लोकांना सांगते, हलू नका, श्वास रोखा. मग भिंतीमागे जाऊन बटण दाबते. यंत्र काय करतं ते यंत्रालाच माहीत. या सायकलवर मी जेवढं करते तेवढंच होतं. जास्त नाही, कमी नाही. खड्डा आला तर तळपायाला कळतो. बास. आणि मजा येते. मजा येते म्हणून काही करायचं नसतं का मी? घरीही हेच, इथेही हेच!

काका: माझ्यावर कशाला चिडता? मी काही म्हटलं का? मजा येते ते मला दिसतं की. रोज फाटकापाशी उभ्या राहता ना तुम्ही, मी आडवा बांबू उचलेपर्यंत. पाय जमिनीला लावत नाही. जागच्या जागी, पुढे बोटभर, मागे बोटभर. मी चार महिने बघतोय. मला कळेना, ही बाई पडत कशी नाही? म्हणून मी मुद्दाम सावकाश उचलतो बांबू.

मॅडम: मुद्दाम?

काका: जरा बघता यावं म्हणून.

मॅडम: तरीच! मला वाटायचं दोरी अडकते. रोज माझा लेटमार्क त्या बांबूपायी!

काका: दोन मिनिटं तर असतात.

मॅडम: दोन मिनिटांचाच लागतो लेटमार्क! जाऊ दे. सायकल उलटी केलीय, चाक फिरवते मी. तुम्ही हा दांडा धरा. घट्ट. अहो, दोन्ही हातांनी धरा.

काका: एक पुरे.

मॅडम: हलतेय सगळी. उजवा हात लावा.

काका: एकानं होतंय.

मॅडम: काका, मघापासून उजवा हात खिशात का आहे?

काका: सवय आहे.

मॅडम: काढा.

काका: तुमचं पाळणाघर...

मॅडम: काढा बाहेर. ... अरे देवा. बोटं हलवून दाखवा. एवढीच? इथे दाबलं तर?

काका: आई गं!

मॅडम: मोडलंय. मनगट काट्याचमच्यातल्या काट्यासारखं वाकलंय, एक्स-रे न काढता दिसतंय. कधी पडलात?

काका: दीड वाजता. जेवणाच्या सुट्टीत.

मॅडम: आणि तेव्हापासून हे खिशात? हॉस्पिटलच्या दारात उभे राहून?

काका: तीन वाजता ठेकेदाराचा माणूस हजेरीची सही घ्यायला येतो. त्याला काय सांगू, सायकल खेळत होतो? या वयात? सही डाव्या हातानं केली. त्यानं बघितलंही नाही. माणसाची सही असो की कोंबडीची, त्याला सारखंच.

मॅडम: चला आत.

काका: नको. सुजलंय नुसतं. घरी जाऊन शेकतो.

मॅडम: शेकता? मोडलेलं हाड शेकता? उठा म्हणते ना! थांबा, एक फोन करू दे. ... हॅलो, वन्सं? मी बोलतेय. आज पिलूला तुम्ही आणाल का? हो, आत्ता. पाचच्या आत. ... हो, सायकलमुळेच. ... नाही, मी नाही पडले. ... नाही हो, दुसरं कोणी पडलं. ... ते घरी आल्यावर बोलू. ... हो, तेही घरी आल्यावरच बोलू. ठेवते. ... झालं. आता आठवडाभर ऐकायचं मला. चला.

(एक्स-रेची खोली.)

मॅडम: हात असा सपाट ठेवा. दुखेल, पण हलू नका. ... झालं. बघा, ही रेघ दिसतेय? इथून आरपार. आणि हा छोटा तुकडा सुटलाय. डॉक्टर ओढून बसवतील, मग प्लास्टर. दीड महिना.

काका: बांबू उचलायला एक हात पुरतो.

मॅडम: दीड महिना म्हटलं मी. आता हा कागद. नाव, वय...

काका: सत्तावन्न.

मॅडम: दुखापत कशी झाली?

काका: ते रिकामं सोडा ना.

मॅडम: सोडता येत नाही.

काका: मॅडम, कामावर असताना दुसऱ्याची सायकल घेतली म्हटल्यावर काढून टाकतील मला. त्यांना निमित्तच हवंय. माझ्या जागी तिथे आपोआप उघडणारं फाटक बसवायचं चाललंय.

मॅडम: मग जिन्यावरून घसरलात असं लिहू?

काका: लिहा. जिना बरा.

मॅडम: लिहिते पेन्सिलीनं. डॉक्टर यायला वेळ आहे, विचार करा. ... काका, एक विचारू? बसल्यावर किती लांब गेलात?

काका: किती म्हणजे? फाटकापासून निघालो, औषधांच्या खिडकीवरून, मागच्या धोबीखान्याला वळसा, परत फाटक. एक फेरी पुरी झाली. दुसऱ्या फेरीत रक्तपेढीकडून वळलो, तर तो उतार आला.

मॅडम: एक अख्खी फेरी? पायडलच्या पट्ट्यांत पाय न घालता?

काका: तुमच्या पट्ट्यांत माझे बूट जाईनात.

मॅडम: वळणावर पाय थांबवले नाहीत?

काका: सुचलंच नाही. एकोणतीस वर्षांनी बसलो होतो. पाय आपसूक फिरत होते हो! मला वाटलं, अजून येतंय आपल्याला. मला काय माहीत, ती सायकल फिरवतेय.

मॅडम: नाही. सपाटीवर ती फिरवत नाही. तिथे तुम्हीच फिरवत होता.

काका: उगाच बरं वाटावं म्हणून बोलू नका. आधीच डोकं उठलंय माझं.

मॅडम: कशाला बोलू? चाक मोडलंत माझं, घरी वन्सं वाट बघतायत, मला काय हौस आलीय? पहिल्या दिवशी मी आमच्या गल्लीच्या टोकापर्यंत गेले नाही. खांबाला मिठी मारली. दुसऱ्या दिवशी गटारात. पंधरा दिवस बाही खाली ओढून हिंडत होते, घरात कळू नये म्हणून. आणि तुम्ही अख्खी फेरी मारलीत.

काका: धोबीखान्यातली बाई बघत होती. टाळी वाजवली तिनं.

मॅडम: आले वाटतं डॉक्टर. कागद पुरा करते. जिना पेननं लिहिते आता.

काका: थांबा.

मॅडम: काय झालं?

काका: खोडा ते.

मॅडम: काका, नोकरीचा प्रश्न आहे. मघाशी तुम्हीच म्हणालात.

काका: माहीत आहे काय म्हणालो ते. फाटक बसवायचं तर ते बसवतीलच, मी जिन्यावरून पडो नाहीतर पलंगावरून.

मॅडम: मलाही विचारतील. किल्ली मी दिली होती.

काका: विचारू दे. मीच सांगीन, न विचारता घेतली.

मॅडम: मग काय लिहू?

काका: सायकल चालवताना पडलो, असं लिहा. जिन्यावरून काय मॅडम, कोणीही पडतं.