शटर उघडायच्या आधी

तुषार : तू आधी लांब हो. हा खोका कोणी फोडला?

संगिता : मी फोडला. तुम्ही शाळेत गेलात आणि मागोमाग कुरियरवाला आला.

तुषार : अगं, आल्यावर तसाच कपाटावर ठेव म्हणून सांगून गेलो होतो ना मी? पावसाळ्यापासून वाट बघतोय याची. दिवसभर कोसबाडला लॅबमध्ये परीक्षानळ्या धूत होतो, पण जीव इथे चिखल्यात. नविन येतोय तलासरीहून. आम्ही दोघं मिळून उघडणार होतो, तो व्हिडिओ काढून आमच्या गेमवाल्या ग्रुपवर टाकणार होता.

संगिता : चिकटपट्टी आहे घरात. परत बंद करून देऊ?

तुषार : टोमणे नकोत. बघू तरी दे मला. आयला, काय बनवलंय. वीतभर मशीन, पण सगळं जसंच्या तसं. वरची लाइटवाली पाटी, लाल गोळ्याची दांडी, बाजूची चित्रं. नाणं टाकायची खाचसुद्धा केलीय, खोटी. धुतल्यावर स्वेटर आटतो ना, तसं तुझ्या बाबांच्या गेम पार्लरमधलं मशीन आटलंय असं वाटतं.

संगिता : ते डावीकडे अडकायचं. हे अडकत नाही.

तुषार : काय अडकायचं?

संगिता : काही नाही. चहा टाकते.

तुषार : थांब. या खाचेला लाल काय लागलंय? कुंकू? संगिता, तू याची पूजा केलीस?

संगिता : पूजा नाही. नुसतं बोट लावलं.

तुषार : धन्य आहे. आणि हे चालू का ठेवलंय? दिवसभर?

संगिता : बंद केलं असतं तर स्कोअर पुसला असता.

तुषार : कसला स्कोअर? आपली शितल खेळली?

संगिता : शितल क्लासला गेलीय डहाणूला. ती हात लावायलाच तयार नव्हती. काल रात्री तुम्ही तिला सांगितलंत ना, यावर मुलींचा हात बसत नाही म्हणून.

तुषार : मग खोटं काय सांगितलं? आमच्या वेळी एक तरी मुलगी... संगिता. इकडे ये. ती नावांची पाटी येतेय बघ स्क्रीनवर. पहिलं नाव वाच.

संगिता : टी एल एस.

तुषार : तुलाही तेच दिसतंय ना? मला वाटलं मला भास होतोय. माझा फोन कुठाय? नविनला लावतो.

(नविन फोनवर, स्पीकर चालू.)

नविन : बोल भाय. बोरडीला चहा पितोय, मनिष आहे मागे. पोचतोच. खोका उघडू नको हां माझ्याशिवाय.

तुषार : नविन, टी एल एस आहे यात.

नविन : कोण आहे?

तुषार : टी एल एस. विमानवाल्या गेममध्ये. पाटीवर पहिला.

नविन : मस्करी नको करू. चहा सांडला माझा.

तुषार : शितलची शपथ. संगितानेपण वाचलं. विचार तिला.

नविन : वहिनी, खरं काय?

संगिता : खरं आहे, नविनभाऊ.

नविन : अरे देवा. म्हणजे कंपनीवाल्यांनी त्याचं नाव आत घालून पाठवलं. तो माणूस मोठाच निघाला. आपल्या तलासरीच्या हायवेवरचा ट्रकवाला परदेशात पोचला भाय, आणि मी इथे मोबाइलचे डिस्प्ले बदलत बसलोय.

तुषार : तू लवकर ये आधी.

नविन : थांब, मनिषचा विश्वास बसत नाहीये. ग्रुपमध्ये नवीन आहे ना तो. तुझ्या तोंडून सांग त्याला ती सकाळ. मनिष, हा तुषार, टी एल एसला हरवणारा एकटा माणूस. ऐक.

तुषार : मनिष, आम्ही दहावीत होतो. तलासरीला हायवेच्या कडेला देवजीकाकांचं पार्लर होतं. आता ते माझे सासरे, म्हणजे होते, वारले. काका रात्री मेन स्विच पाडून घरी जायचे, तेव्हा मशीनमधले सगळे स्कोअर पुसले जायचे. सकाळी पाटी कोरी पाहिजे की नाही? पण काका शटर उघडायचे, आम्ही आत घुसायचो, तर पहिला नंबर टी एल एस. रोज. आम्ही पाय टाकायच्या आधीच लागलेला.

नविन : आणि तुटायचा नाही. आमची बोटं सोलायची, पण तुटायचा नाही.

तुषार : काकांना विचारलं तर म्हणायचे, गुजरातकडे जाणारा एक ट्रकवाला आहे, उजाडता उजाडता येतो, चहा होईपर्यंत खेळतो आणि जातो. शेवटी मी ठरवलं, याला बघायचाच. अंधारात सायकल काढली. पार्लरचं शटर खाली, पण आतून विमानाचा आवाज येत होता. मी बडव-बडव बडवलं शटर. आत आवाज बंद. काकांनी किती वेळाने उघडलं, आणि आत कोणी नाही. मागचं दार उघडं. दारात रबरी चप्पल पडलेली, एकच. एवढीशी.

नविन : बुटका होता ड्रायव्हर.

तुषार : माझा आवाज ऐकून पळाला, मनिष. आणि त्या दिवशीचा त्याचा स्कोअर एकदम कमी. मी दुपारच्या आत तोडला. दुसऱ्या दिवसापासून टी एल एस कधी आलाच नाही. हरल्यावर तोंड दाखवायला जागा राहिली नाही त्याला.

संगिता : डाव्या पायाची.

तुषार : काय?

संगिता : चप्पल. डाव्या पायाची होती. निळा पट्टा, आणि पट्ट्याला सेफ्टी पिन लावलेली.

तुषार : पिनेचं मी कोणाला सांगितलं नव्हतं.

संगिता : तुम्ही कशाला सांगायला पाहिजे? मीच लावली होती. त्या दिवशी अनवाणी शाळेत गेले म्हणून बाई ओरडल्या मला.

नविन : वहिनी, तुम्ही होतात तिथे? तुम्ही बघितलंत त्याला?

संगिता : कोणाला बघायचं, नविनभाऊ? आत मी आणि बाबा, दोघंच होतो.

तुषार : संगिता, नीट बोल. चेष्टा करत असशील तर आत्ता थांब.

संगिता : बाबा भवानीला फार मानायचे. दिवसाचं पहिलं नाणं लक्ष्मीच्या हातचं पडलं पाहिजे, म्हणजे धंदा चालतो. आई दळणकांडणात असायची, मग लक्ष्मी म्हणजे मी. मला सायकलच्या दांड्यावर बसवून न्यायचे. खाचेला कुंकवाचं बोट लावायचं, नाणं टाकायचं, आणि मागच्या दाराने शाळेत. आमच्या आळीतल्या किराणावाल्याची जयवंती नाही का सकाळी गल्ल्यात नाणं टाकायची, तसंच.

नविन : ते बराबर. पण गल्ला आणि मशीन यात फरक आहे ना, वहिनी.

संगिता : तेच तर. गल्ल्यात नाणं टाकलं की झालं. मशीनमध्ये टाकलं की विमान उडतं. आणि भवानीचं नाणं वाया घालवायचं नाही, अपशकुन होतो. मग खेळायला कोण? बाबांना तर दांडी कुठे वळवायची तेही कळायचं नाही. ते अगरबत्ती लावून झाडू मारायचे, तोवर मी खेळायची. रोज.

तुषार : आणि नाव?

संगिता : तीन अक्षरं बसायची. बाबा म्हणाले, स्वतःचं टाकू नको, पोरं ओळखतील. गावाचं टाक, तलासरीचं. एसटी स्टँडवरच्या पाटीवरून इंग्रजी अक्षरं उचलली मी.

तुषार : नाही. नाही, हे शक्य नाही. मी काकांना लग्नानंतरसुद्धा विचारलं होतं. जावई झाल्यावर. माझ्या डोळ्यात बघून म्हणाले, ट्रकवाला.

संगिता : मुलगी गेम पार्लरमध्ये असते म्हणून कळलं असतं, तर तुमच्या घरच्यांनी चहा तरी घेतला असता का आमच्याकडे?

नविन : भाय, इथे मनिषने कपाळाला हात लावलाय.

तुषार : मग ती सकाळ? ज्या दिवशी मी आलो?

संगिता : मी तिसऱ्या पुलावर होते. तिन्ही विमानं शिल्लक होती, एक पण गेलं नव्हतं. तिन्ही शाबूत ठेवून एवढी लांब मी कधी पोचले नव्हते. आणि तुम्ही शटर बडवलं. बाबांनी माझा हात धरून ओढला. विमानं आपोआप पडली. पण नाव टाकल्याशिवाय मी हलले नाही. बाबा ओढत होते आणि मी एकेक अक्षर टाकत होते. त्याच घाईत चप्पल राहिली.

तुषार : म्हणजे मी अर्ध्यात सुटलेला स्कोअर तोडला.

संगिता : तोडलात, हे खरं आहे ना.

तुषार : आणि तो ट्रकवाला पुन्हा आला नाही, कारण...

संगिता : बाबा म्हणाले, पोरं आता शटर वाजवायला लागली. आज हा आला, उद्या चौघं येतील. त्या दिवसापासून भवानी त्यांनीच केली. मी रडले, जेवले नाही, आईने दोन ठेवून दिल्या. पुढे दांडीला हात लागला तो आज सकाळी.

नविन : वहिनी, तुम्हाला राग नाही आला कोणाचा?

संगिता : आला ना. शटर वाजवणाऱ्याचा आला होता. फार आला होता. तो कोण ते मला माहीत नव्हतं. लग्नाच्या जेवणावळीत हे पाव्हण्यांना ती गोष्ट सांगत होते, तेव्हा कळलं. घास हातात राहिला माझा.

तुषार : आणि इतकी वर्षं तू गप्प बसलीस. मी प्रत्येक लग्नात, बारशात, महालक्ष्मीच्या जत्रेत ती गोष्ट सांगत फिरलो. तू शेजारी बसून ऐकलीस. मला अडवलं नाहीस. मला वेड्यात काढलंस तू.

संगिता : वेड्यात नाही काढलं. तुम्ही ती सांगताना एवढे खूश दिसायचात. मला वाटायचं, असू दे. माणसाकडे एक तरी जिंकलेली गोष्ट असावी.

तुषार : मग आज का?

संगिता : काल तुम्ही शितलला म्हणालात, मुलींचा हात बसत नाही. ती ऐकून घेऊन गप्प आत गेली. मी पण अशीच गेले होते. ते मला बघवलं नाही. सकाळी पार्सल आलं, खाचेला कुंकू लावलं आणि बसले. नाणं टाकायची सोय नव्हती, मग आधी नमस्कार केला.

नविन : तुषार, मी ठेवतो भाय. तुम्ही दोघं बोला. आम्ही हळूहळू येतो. वहिनी, एक विचारू? मधल्या पुलावर ती डावीकडची तोफ येते, तिथे आमची सगळी विमानं जायची. तुम्ही काय करायचात?

संगिता : काही नाही. तिथे गोळी मारायची नाही. नुसतं खालून निघून जायचं.

नविन : मारायचीच नाही? हाय रे. आयुष्य गेलं आमचं त्या तोफेवर. ठेवतो.

तुषार : आता ग्रुपवर काय सांगू मी? सगळे वाट बघताहेत. टी एल एसला हरवणारा म्हणून पहिला गेम मी खेळायचा, असं ठरलंय.

संगिता : काही सांगू नका. खेळा तुम्ही. मी बंद करते, पाटी पुसली जाईल. गोष्ट तुमची आहे, तुमच्याकडेच राहू दे.

तुषार : माझी कुठे राहिली आता? स्विचला हात लावू नकोस. खरं सांगू, हरल्याचं नाही वाटत. मी ज्याला शोधत होतो तो रोज मला डबा भरून देत होता, आणि मला पत्ता नाही. आणि त्याचा खेळ मीच मोडला.

संगिता : तुम्हाला कुठे माहीत होतं?

तुषार : आज सकाळी कुठवर गेली होतीस?

संगिता : दुसऱ्या पुलापर्यंत. मग कुकर लावला होता तो आठवला.

तुषार : बस. तिसऱ्यापर्यंत ने. मला बघायचंय. तेव्हा बघायलाच आलो होतो ना मी.

संगिता : आता? चहा राहिला तसाच.

तुषार : राहू दे चहा. बस म्हणतो ना.

संगिता : शेजारी उभे राहू नका मग, बावरायला होतं. मागे व्हा. हं. ही तोफ बघा, मारत नाही मी. गेलं खालून. हा झाला दुसरा.

तुषार : एकही विमान गेलं नाही तुझं.

संगिता : बोलू नका. आला बघा तिसरा. इथेच होते मी. याच्यापुढे तिन्ही विमानं घेऊन मी कधी गेले नाही. अहो, दार वाजतंय. नविनभाऊ आले वाटतं.

तुषार : तुझे हात निघाले बघ दांडीवरून. धर आधी, धर. बघू नकोस तिकडे, मी आहे. नविन, कडी वाजवू नको रे. ओट्यावर बसा दोघं जरा. आत भवानी चाललीय.